वाऱ्याची बारी

चार वॉटचा फरक म्हणजे तसं काहीच नाही. चाकात हवा कमी-जास्त झाली, अंगातला शर्ट सैल असला, रात्रीच्या पावसानं डांबर ओलं राहिलं, तरी तेवढा फरक पडतो. म्हणून जूनमध्ये तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी वहीत नोंद केली आणि विसरून गेले.

मी भूममधल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. कॉलेज साडेदहाचं असतं. त्याआधी, पहाटे साडेपाचला, मी परंड्याच्या रस्त्यावर सायकल चालवते. माझ्या पेडलमध्ये पायाचा जोर मोजणारं मीटर आहे आणि तो जोर हँडलवरच्या छोट्या पडद्यावर वॉटमध्ये दिसतो. वारा नसताना, सपाटीला, ताशी तीस किलोमीटर वेग ठेवायला मला एकशे अडतीस वॉट लागतात. हा आकडा मी तीन वर्षं मोजत आले आहे.

जूनपासून पहाटे तो एकशे चौतीस यायला लागला.

जास्त आला असता तर मी चिंता केली नसती. चेन कोरडी पडली असेल, ब्रेक घासत असेल, कारणं शंभर असतात. कमी जोर लागणं म्हणजे कुणीतरी मदत करतंय. मी टायर बदलले. मीटर दोनदा शून्यावर आणून तपासलं. प्रयोगशाळेतलं वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र घरी आणलं आणि वारा गणितातून वजा केला. संध्याकाळी त्याच पट्ट्यात गेले तर आकडा बरोबर एकशे अडतीस. पहाटेची हवा गार, म्हणजे दाट असते; खरं तर पहाटे थोडा जास्तच जोर लागायला हवा. एकवीस दिवसांची सरासरी काढली. पहाट, एकशे चौतीस. संध्याकाळ, एकशे अडतीस.

या आकड्याचं एक कारण मला माहीत होतं. एका सायकलस्वाराच्या मागे दुसरा चिकटून चालला की मागच्याला आडोसा मिळतो आणि त्याचा तीसेक टक्के जोर वाचतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढच्यालाही किंचित फायदा होतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. पुढच्याच्या पाठीमागे हवेची जी पोकळी तयार होते, ती मागचा भरून काढतो. हा फायदा असतो दोन ते तीन टक्के. एकशे अडतीसचे तीन टक्के म्हणजे चार.

मी अर्थातच मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. वळून पाहिलं की आकडा वर जायचा, पुन्हा समोर पाहिलं की मिनिटभरात खाली यायचा. मान वळवल्यावर अंगाची ठेवण बदलते, त्यामुळे या गोष्टीवरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

एकदा मी पेडल मारत असताना माझ्या मागे फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली. पाय थांबवला की चाक जी टिकटिक करतं, ती. माझे पाय चालू होते. आडोशाला बसलेला माणूस पुढच्यावर आदळू नये म्हणून मधेच पाय थांबवतो, तेव्हा अशी टिकटिक येते. ते मी वहीत लिहिलं नाही. आवाज मोजलेला नव्हता.

हे कोण असू शकतं, असा प्रश्न मला पडला नाही, हे इथेच सांगायला हवं. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आमच्याकडे सायकल शर्यत सतरा सप्टेंबरला होते, मुक्तिसंग्राम दिनाला. भूमहून परंडा, परंड्याहून सोनारी, अठ्ठेचाळीस किलोमीटर. सोनारीत काळभैरवाच्या देवळाच्या अलीकडे रस्त्यावर चुन्याची रेषा मारलेली असते. पश्चिमेचा वारा तेव्हा अजून गेलेला नसतो, त्यामुळे सगळी शर्यत वाऱ्याच्या तोंडावर होते. शर्यत भरवतात तात्या. एसटी स्टँडजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, गावाबाहेर तीन एकर शेत आहे, आणि शर्यतीचा नियम त्यांनी शेतातून आणलेला आहे.

एका विहिरीत चार भावांचा वाटा असला की प्रत्येकाची पाण्याची बारी ठरलेली असते. तशीच ही वाऱ्याची बारी. एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत एकीनं पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, बाकीच्यांनी आडोशाला बसायचं. दगड आला की दुसरीनं पुढे यायचं. झेपत नसेल तर मोठ्यानं ‘बारी सोडली’ म्हणायचं. तसं म्हटलं तर कुणी हसत नाही, पण मग शेवटच्या रेषेला चढाओढ करायची नाही, मुकाट मागून यायचं.

“दुसऱ्याच्या बारीचं पाणी पिऊन वाढलेल्या उसानं उंचीच्या गप्पा मारू नयेत,” असं तात्या म्हणतात. आणि एक गोष्ट ते दरवर्षी शर्यत सुटण्याआधी बजावतात. “एकाची बारी पुरी झाल्याबिगर दुसऱ्यानं मोटार चालू करायची न्हाय. आणि बारीवर असलेल्यानं दुसरा आल्याबिगर पाणी सोडून जायचं न्हाय. भांडणं तिथंच होत्यात.”

मागच्या वर्षी परंडा सोडल्यावर आम्ही दोघीच पुढे उरलो होतो, मी आणि शिवांजली. ती ढोकीजवळच्या एका वस्तीवरची, सव्वीस वर्षांची, माझ्याहून बारा वर्षांनी लहान आणि नऊ किलोनं जड. आधीची दोन वर्षं तीच जिंकली होती. तिसऱ्यांदा जिंकली असती तर फिरती ढाल कायमची तिच्या घरी गेली असती. सपाटीवर, वाऱ्यात, तिच्यासारखी चालवणारी बाई मी पाहिलेली नाही.

माझी बारी आली तेव्हा मी म्हणाले, “पायात गोळा आलाय.”

“बसा मागं मॅडम. बारी सोडली म्हणता का?”

“नाही. येतेच जरा वेळानं.”

गोळा आलेला नव्हता. मी अकरा दगड तिच्या मागे बसून राहिले. ती दर दगडाला मान किंचित वळवून बघायची, मी मांडी चोळून दाखवायची. सोनारीचं शिखर दिसलं तेव्हा मी बाहेर पडले आणि अर्ध्या चाकानं जिंकले.

रेषेपलीकडे ती रस्त्याकडेला बसून पाणी प्यायली. तात्यांना तिनं काही सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाली, “गोळा बरा झाला व्हय मॅडम, ऐन टायमाला.” आणि हसली.

जानेवारीत, कारखान्यांचा हंगाम जोरात असताना, पहाटे सरावाला निघालेली शिवांजली रस्त्यात पंक्चर होऊन उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीच्या मागे दिवा नव्हता, लाल कापडसुद्धा नव्हतं. पाठीचा मणका तुटला. छातीखालचं शरीर गेलं. तात्या दोनदा भेटून आले. मी गेले नाही. परीक्षा होत्या, असं मी त्यांना सांगितलं, आणि परीक्षा खरंच होत्या.

ऑगस्टमध्ये, एकाहत्तर दिवसांची नोंद हातात आल्यावर, मी गेले. येरमाळ्याला गाडी बदलली, येडशीला पुन्हा बदलली. वस्ती रस्त्यापासून आत होती, चारी बाजूंनी ऊस. तिची खाट खिडकीशी होती.

“या मॅडम. ढाल आणली काय पिशवीत?”

“केळी आणलीत.”

“केळीच बरी. ढाल खाता येत न्हाय.”

तिचा चेहरा पूर्वीसारखाच होता. दंड बारीक झाले होते. तिची आई, तुळजाबाई, माझ्यासमोर स्टूल ठेवून उभ्याच राहिल्या.

“दिसभर बरी असती,” त्या म्हणाल्या. “पहाटंचं कळत न्हाय बगा. झोपेतच लई धापा टाकती. साडेपाचला चालू होतं, सातला थांबतं. आंग घामानं भिजून जातं. डाक्टर म्हंतेत सपान पडत आसंल.”

“आई, चहा ठेव की.”

“ठिवते. तुमी सांगा मॅडम, येड्यावाणी रातचं मोबाइल बघू नको म्हणून.”

त्या आत गेल्या. शिवांजली माझ्याकडे बघत होती.

“नवी सीट घेतली का?”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे. उंच झालीय तुम्हाला. डावीकडं घसरताय तुम्ही. अर्धा सेंटीमीटर खाली घ्या, न्हायतर कंबर धरंल.”

सीट मी चार जुलैला बदलली होती. माझ्या खोलीत, मीच. डावी कंबर पंधरा दिवस दुखत होती आणि हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

“तुला कुठून दिसतं?” मी विचारलं.

“मागनं,” ती म्हणाली. एखाद्या विद्यार्थ्यानं फारच सोपा प्रश्न विचारल्यावर मी जसं उत्तर देते, तसं.

मग ती हळू आवाजात बोलायला लागली. “मी हितंच असते, हे मला कळतं. आई कपाळ पुसती तेबी कळतं. पण दिसती तुमची पाठ. निळा शर्ट, त्याच्यावर घामाचा डाग, तो मोठा मोठा होत जातो. बाकी काय न्हाय. झाडं न्हाय, रस्ता न्हाय. दवाखान्यातनं आल्यापासनं पहाटं मी तुमच्या पाठीशिवाय काय बघितलं न्हाय.”

“पुढे का येत नाहीस?”

“कशी येऊ? तुमच्या बाऱ्या चालू हायेत की. अकरा.”

“रोज मी अकरापेक्षा जास्त दगड ओलांडते.”

“ते सरावात. सरावाच्या बाऱ्या कोण धरतं? त्या शर्यतीतल्या हायेत.” तिच्या आवाजात राग नव्हता. एसटीची वेळ सांगावी तसं ती सांगत होती. “तुमची बारी झाल्याबिगर मी पुढं आले तर तात्या काय म्हणतील?”

आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

“मला रस्ता बघायचाय मॅडम. बास. एकदा पुढचा रस्ता बघू द्या.”

परतीच्या गाडीत मी विचार केला. भास असेल, तर तो दोघींना एकाच वेळी होत होता आणि त्यातला एक चार वॉटचा होता. योगायोग असेल, तर एकाहत्तर दिवसांचा होता. येरमाळ्यापर्यंत मी दुसरं कारण शोधत राहिले, ते मिळालं नाही. मग मी उरलेल्याचा हिशेब केला. सतरा सप्टेंबरला मला दोनच गोष्टी करता येणार होत्या, जिंकणं किंवा परंड्यापुढे अकरा दगड एकटीनं वारा घेणं. अडतिसाव्या वर्षी, त्या वाऱ्यात, दोन्ही एकदम होणार नव्हतं. मी न जिंकले तर माझी ढाल जाणार होती. मी वारा न घेतला तर त्या खाटेवरची मुलगी आणखी एक वर्ष माझी पाठ बघत पडणार होती.

सीट मी त्याच संध्याकाळी अर्धा सेंटीमीटर खाली घेतली. कंबर दुखायची चार दिवसांत थांबली.

शर्यतीला आम्ही सात जणी होतो. तात्यांनी सातला शिट्टी वाजवली. मी पहिल्याच किलोमीटरला पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. ती आलेली होती.

परंडा गाठेपर्यंत चौघी मागे पडल्या, आणि गावातून बाहेर पडता पडता आणखी एक. माझ्याबरोबर उरली श्रिया, परंड्याचीच, एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. तिचे पाय सळसळत होते.

गाव संपल्यावर वारा एकदम अंगावर आला. ज्वारीसाठी नांगरून ठेवलेली रानं दोन्ही बाजूंना, झाड कुठेच नाही. पहिला दगड आला. मी पुढे गेले.

दुसऱ्या दगडाला श्रिया शेजारी आली. “मॅडम, माझी बारी.”

“थांब. अजून माझीच आहे.”

“दगड गेला की.”

“माझ्या अकरा आहेत.”

“अकरा?” ती जराशी हसली. “मॅडम, उपास हाय का आज तुमचा? डोकं फिरतंय का?”

“बस मागे.”

ती बसली. तोटा तिचा नव्हताच. मी एकशे नव्वद वॉटवर पाय ठेवला आणि दगड मोजत राहिले. पाचव्याला तोंड कोरडं पडलं. सातव्याला मांडीच्या आतल्या बाजूला गोळा आला, खराखुरा. नवव्यापासून मी रस्ता बघायचं सोडून दिलं. पडद्यावरचा आकडा आणि रस्त्याची पांढरी कड, एवढंच बघत होते. श्रिया मागून दोनदा काहीतरी म्हणाली, ते वाऱ्यात गेलं. तिच्या फ्रीव्हीलची टिकटिक मला ऐकू येत होती. दुसरीही येत होती, तिच्या आणि माझ्या मधून.

बारावा दगड आला. अकरा बाऱ्या झाल्या.

माझ्या उजव्या दंडाशी हवा हलली. मग समोरचा वारा थांबला. कमी झाला असं नव्हे. दार लावल्यावर थांबतो तसा थांबला. रानातली धूळ दोन्ही बाजूंनी पळत होती, कडेचं गवत आडवं झालेलं होतं, आणि माझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पडद्यावर एकशे नव्वदवरून एकशे पस्तीस झाले. वेग तोच. समोर रस्ता रिकामा होता आणि मी कुणाच्या तरी मागे बसले होते.

“वारा पडला का वो?” श्रियानं मागून विचारलं. “मॅडम? वारा पडला का?”

एक किलोमीटर मी तशीच गेले. श्वास परत आला. पायांत पुन्हा थोडं रक्त आल्यासारखं वाटलं. पुढे सोनारीचं शिखर दिसायला लागलं, आणि मला स्पष्ट दिसलं की या आडोशाला आणखी चार दगड बसले तर मी श्रियाला मागे टाकू शकते. मागच्या वर्षीचीच जागा होती. मागच्या वर्षीचाच आडोसा होता.

पुढचा दगड आला. बारी माझी होती. मी उजवीकडे बाहेर पडायला गेले, आणि वाऱ्यात तोंड घालताच पाय उचलेनात.

“बारी सोडली,” मी म्हणाले.

माझा आवाज फुटला. म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. “बारी सोडली. जा.”

श्रियाला वाटलं मी तिलाच म्हणाले. ती उभी राहून निघाली. पण तिच्या आधी माझ्यासमोरून काहीतरी सुटलं; आडोसा एका क्षणात लांब गेला आणि वारा छातीवर येऊन आदळला. श्रिया त्याच्या मागे गेली. ती ज्या वेगानं गेली, तेवढा वेग त्या वाऱ्यात एकट्या माणसाला ठेवता येत नाही.

मी रेषेवर पोचले तेव्हा श्रिया सायकल आडवी टाकून बसली होती. देवळाकडच्या कट्ट्यावर माकडांची रांग होती. सोनारीत माकडं असतातच. ती माझ्याकडे किंवा श्रियाकडे बघत नव्हती. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला होती, रेषेच्या पलीकडे, मोकळ्या रस्त्याकडे.

तात्या गाडीतून उतरले. “अकरा दगड एकटीनं ओढलं म्हणे. आन मग सोडली. कुणासाठी वो मॅडम?”

मी त्यांना मागच्या वर्षीचं सगळं सांगितलं. गोळ्याचं, मांडी चोळल्याचं. त्यांनी टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली.

“हे आधी सांगायचं होतं,” ते म्हणाले.

मी तुळजाबाईंना फोन लावला. शिवांजली त्या दिवशी सातला उठली नव्हती. नऊला, नुकतीच उठली होती.

“हसत उठली बगा,” त्या म्हणाल्या. “आज धापा न्हाईत काय न्हाय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे माझा आकडा एकशे अडतीस होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर मी इतकी हलकी होते की वर्गात दोनदा विनोद केला आणि मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

चोवीस सप्टेंबरला शिवांजलीचा फोन आला. आवाज आनंदानं भरलेला होता. “मॅडम, रस्ता दिसतो. सगळा. रोज सोनारीच्या रेषेपासनं चालू होतं. काल सीना नदीच्या बाजूला गेले, आज त्याच्याबी पुढं. मोकळा रस्ता हाय. दगड हायेत, पण त्याच्यावर काय लिहिलेलं न्हाय, कोरेच.”

“परत किती वाजता वळतेस?”

“वळत न्हाय. आई उठवती तवाच उठते.”

मागून तुळजाबाईंचा आवाज आला. “उठिवते कसली. हाका मारून घसा बसला. आज सव्वाअकरा झाले.”

मी त्यांना रोज मला उठायची वेळ कळवायला सांगितली. डॉक्टर येऊन गेले. नाडी चांगली, श्वास चांगला, गाढ झोप आहे म्हणाले, औषधं बदलून दिली. पावसाळी वारा गेला आणि पूर्वेचा सुरू झाला. आता पश्चिमेला जाणाऱ्याला तो पाठीमागून लागतो. मी वेळा आलेखावर मांडल्या. मांडल्या नसत्या तर बरं झालं असतं. रोज वीस मिनिटं, एक-दोन मिनिटांच्या फरकानं, सरळ रेषा. रेषा पुढे वाढवली तर सतरा नोव्हेंबरला तिची उठायची वेळ दुसऱ्या दिवशीच्या साडेपाचला जाऊन मिळते. म्हणजे झोप संपायच्या आधीच पुढची झोप सुरू होते.

बारा ऑक्टोबरला मी ढोकीला गेले. सकाळी अकराला पोचले आणि सव्वापाचपर्यंत खाटेशी बसून राहिले. ती उठली, पाणी प्यायली, माझ्याकडे बघून खूश झाली.

“आता वळायचं,” मी तिला म्हणाले. “उद्या सीनेपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं. ऐकतेस का?”

“फिरता येत न्हाय.”

“का?”

“बारी चालू हाय माझी. मागं कुणीच न्हाय घ्यायला. दगड येतेत, जातेत, मी मान वळवून बघते, कुणी न्हाय.” ती थोडी गोंधळली, मी एवढं साधं विसरले कसं, असं वाटून. “कुणी आलं की बाजूला होईन की. मोकळं रान टाकून कसं जायचं?”

तुळजाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना यातलं काही कळलं नसावं. पण त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमच्या वळखीची वाट हाय ना ती? मग जावा की बाई. आणा तिला.”

मी त्यांना हो म्हणाले. काय म्हणाले ते मला बसमध्ये कळलं. तिची बारी घ्यायची, तर आधी तिला गाठायला हवं. शिवांजली माझ्याहून जोरात चालवते. मी तिला सरळपणे कधीच, एकदाही, गाठलेलं नाही.

दिवाळीची सुट्टी लागताच मी सोनारीत एक खोली घेतली. पहाटे साडेपाचला चुन्याच्या रेषेच्या खुणेवरून निघते, सीनेच्या दिशेनं. पहिले तीन दिवस आकडा जिथे असायला हवा तिथेच होता. मी वेग वाढवत नेला. एकशे साठ, एकशे ऐंशी. चौथ्या दिवशी, बाराव्या किलोमीटरनंतर, दोनशेवर पाय ठेवलेला असताना आकडा एकशे त्र्याण्णव झाला आणि वेग तोच राहिला. एवढा आडोसा म्हणजे ती साधारण दहा मीटर पुढे होती. मी हाक मारली. ताकद बोलण्यात गेली आणि दीड मिनिटात आकडा परत दोनशे झाला.

त्या दिवशी ती आलेखातल्या रेषेपेक्षा चार मिनिटं आधी उठली. चार मिनिटं म्हणजे तुळजाबाईंच्या घड्याळातली चूकही असू शकते.

सपाटीवर मी तिला गाठणार नाही, हे आता मी मान्य केलं आहे. पाठीमागच्या वाऱ्यात तर नाहीच. पण सोळाव्या किलोमीटरच्या पुढे एक चढ आहे, लांब, पाऊण किलोमीटरचा. चढावर वाऱ्याला फारशी किंमत राहत नाही; तिथे वजन मोजलं जातं, आणि तिचं वजन माझ्याहून नऊ किलो जास्त होतं. आता खाटेवर ते किती उरलं असेल, हे मी आज तुळजाबाईंना विचारलं. त्यांना प्रश्न विचित्र वाटला, पण त्या म्हणाल्या, उद्या डॉक्टर येतील तेव्हा विचारून सांगते.